कांदा चाळ मोठी करताना : लांबी वाढवा, रुंदी नको

नाशिकच्या कळवण, सटाणा, देवळा, निफाड भागात दोनपाखी चाळीचं (मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना कांदा भरायचा एकेक लांब कप्पा, म्हणजे पाखी) नेहमीचं माप असं असतं: लांबी ४० फूट, प्रत्येक पाखी ४ फूट रुंद, कांद्याचा थर ५ फूट. दोन्ही पाख्या मिळून १६०० घनफूट, म्हणजे सुमारे ४५ घनमीटर. एका घनमीटरात साधारण ६०० किलो कांदा धरला, तर २७ टन होतात. वर थोडी जागा मोकळी सोडायची, म्हणून २५ टनांची चाळ म्हणायचं. आपल्या कांद्याचं वजन आधी तपासा: क्रेटच्या आतल्या मापांवरून त्यात किती लिटर मावतात ते काढा, काठोकाठ भरा, तोला आणि किलोला लिटरने भागा; ०.६ आलं, तर घनमीटरला ६०० किलो.

आता ५० टन ठेवायचे आहेत. जागा वाचवण्यासाठी पाखी ८ फूट रुंद करायचा मोह होतो. तो टाळा. कांदा साठवणीतही श्वसन करतो, उष्णता आणि ओलावा सोडतो. ही उष्णता ढिगाच्या आकारमानाबरोबर वाढते, पण बाहेर पडते मुख्यतः बाजूंच्या पट्ट्यांमधल्या फटींतून. रुंदी दुप्पट केली की कांदा दुप्पट होतो, बाजूंचं क्षेत्रफळ मात्र तेवढंच राहतं. त्यातच मधल्या कांद्याची उष्णता दुप्पट अंतर कापून बाहेर येते. वारा पडलेला असेल, तर मधलं तापमान बाहेरच्यापेक्षा जितकं जास्त असतं तो फरक रुंदीच्या वर्गाने, म्हणजे चौपट होतो. सड आधी मधोमध लागते ती म्हणूनच, आणि बाहेरून ती दिसत नाही. लांबी वाढवली तर प्रत्येक फुटाला तोच कांदा आणि तीच हवा मिळते. ४० फुटांच्या दोन वेगळ्या चाळी त्याहून बऱ्या: एकीत सड लागली तर ती आधी विकता येते.

गोल्टी, म्हणजे अगदी लहान कांदा, वेगळी काढा. मोठ्या कांद्यांमधल्या पोकळ्या ती भरते आणि हवेची वाट बंद होते. माती आणि सुटी पातही तेच करते.

उंचीचा हिशोब आणखी कडक आहे. बाजूच्या भिंतीवरचा एकूण रेटा थराच्या उंचीच्या वर्गाने वाढतो आणि खांब बुडाशी मोडू पाहणारा जोर घनाने. थर ५ वरून ७ फुटांवर नेला तर रेटा जवळजवळ दुप्पट आणि बुडाचा जोर पावणेतीनपट होतो. तळाचे कांदेही दबतात. तळाच्या बांबूचं तेच: दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं, तर फुटामागे तेवढ्याच भाराला वाक सोळापट. ५ फूट थराचा भार चौरस मीटरला ९०० किलोंच्या आसपास जातो, तेव्हा मध्ये आधार हवाच. सगळी मापं दुप्पट केली की वजन आठपट होतं, खांबाचा छेद मात्र चौपटच, हे गॅलिलिओने १६३८ मध्ये मांडलं होतं.

नवं माप किंवा नवी जात आजमावायची असेल, तर क्रेटभर कांद्यावरून अंदाज बांधू नका. इतका छोटा ढीग तापतच नाही, तो नेहमी चांगलाच टिकलेला दिसतो. रुंदी ४ आणि उंची ५ फूट पूर्ण ठेवा, फक्त लांबी ३ फुटांवर आणा. सुमारे एक टन कांदा लागेल. दोन्ही टोकांना भुसा भरलेल्या गोण्यांची जाड भिंत लावा, नाहीतर उष्णता टोकांतून निसटेल. भरतानाच मधोमध, अडीच फूट उंचीवर, भोकं पाडलेला पाइप आडवा घाला आणि त्यात थर्मामीटर सरकवा. पहाटे आतलं आणि सावलीतलं तापमान लिहा. हा फरक आठवडाभर वाढतच गेला, तर पाखी अरुंद करा किंवा तळाखालची मोकळी जागा दीड फुटावरून दोन फूट करा.