स्केचअपवर पहिला शू रॅक: घरच्या सुतारकामासाठी थ्रीडी शिकताना

लाकूडकामासाठी थ्रीडी शिकायचं ठरलं की बरेच जण सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं यातच महिना काढतात. तो महिना वाचवा. स्केचअपची फुकट आवृत्ती ब्राउझरमध्ये चालते, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि घरगुती कपाटं-फळ्यांच्या कामाला ती पुरते. फ्रीकॅड पूर्ण फुकट आहे आणि ताकदीचं आहे, पण पहिल्याच आठवड्यात माणसाला पळवून लावतं. फ्यूजन वैयक्तिक वापरासाठी फुकट मिळतं; सीएनसीवर (संगणकाच्या आज्ञेने कापणाऱ्या यंत्रावर) काम करून घ्यायचं असेल तेव्हा त्याच्याकडे वळा.

जुने व्हिडिओ बघताना एक लक्षात ठेवा. स्केचअप २००० साली आलं, २००६ मध्ये गूगलने घेतलं आणि २०१२ पासून ते ट्रिंबल कंपनीकडे आहे. संगणकावर उतरवून घ्यायची फुकट आवृत्ती २०१७ नंतर निघाली नाही. त्यामुळे व्हिडिओतली बटणं तुमच्या पडद्यावर त्याच जागी नसतील. अवजारं तीच आहेत, फक्त जागा बदलली आहे.

आणि सॉफ्टवेअर ‘शिकायला’ बसू नका, एक वस्तू काढायला बसा. मी शू रॅक सुचवतो. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीचा जिना चढा, नोटिशीला न जुमानता दारोदारी चपलांचा ढीग असतोच, म्हणजे गरज खरी आहे. शिवाय उघड्या रॅकला ना दार लागतं ना बिजागरी.

आधी टेप, मग माउस

जागेची रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीनदा मोजा आणि सगळ्यात कमी भरेल ती खरी धरा. पेठांतल्या जुन्या घरांत भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, असेलच असं नाही. नव्या फ्लॅटमध्येही कोपऱ्याला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून बघायला हरकत नाही. स्कर्टिंग विसरू नका. फरशीलगतची ती पट्टी भिंतीच्या पुढे आलेली असते, त्यामुळे रॅक भिंतीला टेकत नाही आणि मागे फट राहते. दार उघडून कुठवर येतं आणि स्विचबोर्ड किती उंचीवर आहे हेही टिपून ठेवा. समजा जागा ७६० मिमी भरली. रॅक ७५० रुंद, ९०० उंच आणि ३४० खोल धरू.

पहिली फळी

नवी फाइल उघडताना एकक मिलिमीटर निवडा. चाकाचा माउस घ्या, लॅपटॉपच्या टचपॅडवर हे काम म्हणजे छळ आहे. चाक फिरवलं की जवळ-लांब, चाक दाबून धरलं की दृश्य फिरतं, सोबत शिफ्ट दाबलं की सरकतं. पडद्यावर लाल, हिरवा आणि निळा असे तीन अक्ष दिसतील. निळा म्हणजे उभा. कोपऱ्यात उभा असलेला माणूस खोडू नका, उंचीचा अंदाज त्याच्यावरून येतो.

आता कीबोर्डवर आर दाबून आयत काढायला घ्या. माउसने माप जुळवत बसू नका. आयत थोडा ओढा, हात सोडा, थेट ८८०,३४० टाइप करून एंटर दाबा (९०० उंचीतून वरच्या फळीची जाडी वजा, हिशोब पुढे येतो). मग पी दाबून त्या पृष्ठाला बाहेर ओढा आणि जाडी टाइप करा. झाली एक फळी.

इथे थांबा, कारण नवशिक्यांचं बहुतेक काम इथेच बिघडतं. स्केचअपमध्ये सुटे आकार एकमेकांना लागले की चिकटतात. पहिल्या फळीला लागून दुसरी काढलीत की दोन्हींचा एक गोळा होतो आणि एक सरकवायला गेलं की दुसरी ताणली जाते. म्हणून फळी तयार होताच तिच्यावर तीनदा क्लिक करा, म्हणजे ती पूर्ण निवडली जाईल. मग जी दाबून तिचा कंपोनंट बनवा आणि ‘उभी बाजू’ असं सरळ नाव द्या. पुढची फळी त्यानंतरच. प्रत्यक्षात जी फळी वेगळी कापली जाणार आहे, ती पडद्यावरही वेगळी हवी. हा एक नियम पाळला तर बाकीचं सॉफ्टवेअर हळूहळू आलं तरी चालेल.

कंपोनंटचा दुसरा फायदा मोठा आहे. त्याच्या कितीही प्रती काढा, एकीत बदल केला की सगळ्यांत होतो. उजवी बाजू नव्याने काढायची नाही: एम दाबा, कंट्रोल दाबून प्रत घ्या, बाणाच्या कळीने अक्ष पक्का करा आणि अंतर टाइप करा.

जाडी किती टाइप करायची?

दुकानात १८ मिमीची प्लाय मागितली म्हणून १८ टाइप कराल, तर रॅक ठरवल्यापेक्षा रुंद होईल. दोन्ही बाजूंना १ मिमीचं लॅमिनेट (सनमायकासारखा पातळ थर) लागलं की फळी २० ची होते. १८ धरून आतल्या आडव्या फळ्या ७५० वजा ३६, म्हणजे ७१४ लांबीच्या कापल्या, तर लॅमिनेटनंतर रॅकची रुंदी ७५४ होते. आपल्या जागेत तरीही ६ मिमी उरतात, पण दोन भिंतींमध्ये बरोबर ७५० असते तर रॅक दारातच राहिला असता. त्यातून १८ म्हणून आलेली प्लाय नेमकी १८ भरेलच असं नाही. फाइल उघडण्याआधी दुकानातल्या तुकड्याला व्हर्निअर (जाडी अचूक मोजायचं साधन) लावा आणि येईल ते माप वापरा. पुढची सगळी गणितं २० धरून आहेत: वरची फळी दोन्ही बाजूंच्या डोक्यावर बसणार म्हणून ७५०, बाजू ८८०, आतल्या फळ्या ७१०.

तळाची फळी जमिनीपासून ८० मिमी वर बसवा, खाली केरसुणी फिरेल. मग तिची प्रत थेट वरच्या फळीच्या पातळीला न्या आणि लगेच /४ टाइप करा. मध्ये तीन फळ्या समान अंतराने आपोआप येतात. वर आलेली जास्तीची प्रत खोडा. मागे ६ मिमीची प्लाय लावा, संपलं.

सॉफ्टवेअर ज्यावर गप्प बसतं

दोन फळ्या एकमेकींत घुसल्या तरी स्केचअप हूं की चूं करत नाही. एक्स-रे दृश्य (फळ्या आरपार दिसतात ते) लावून प्रत्येक सांधा डोळ्यांखालून घाला. वजनाचंही तसंच आहे. शू रॅकला अडचण नाही, पण हीच फळी तीन-साडेतीन फूट लांब करून पुस्तकं ठेवलीत तर ती मध्ये वाकेल, आणि पडद्यावर मात्र सरळच दिसेल. सागाच्या भरीव लाकडाचं काम असेल तर पावसाळ्यात फुगायला जागा सोडणंही तुम्हालाच आठवायला हवं.

प्लायच्या शीटवर मांडणी

मला या सगळ्यात सर्वांत उपयोगी वाटतं ते हे. ८ बाय ४ फुटांची शीट म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. त्याच फाइलमध्ये बाजूला तेवढा आयत काढा आणि फळ्यांच्या प्रती त्यावर आडव्या मांडा. दोन फळ्यांमध्ये ३ मिमी सोडा, तेवढा भुसा पातं खातंच. ३४० रुंदीच्या तीन पट्ट्या बसतात. पहिल्या पट्टीत दोन बाजू ठेवल्या की ६७४ उरतात, ७१० ची फळी काही बसत नाही. आता रॅकची रुंदी ७०० करून बघा. आतली फळी ६६० ची झाली आणि पहिल्याच पट्टीत बसली. आधी तिसऱ्या पट्टीत मीटरभर तुकडा उरत होता, आता पावणेदोन मीटर उरतो. त्यात भिंतीवरची एक लांब फळी निघते. रुंदीचे ५० मिमी सोडायचे की नाही हे तुमच्या चपलांवर आहे, पण निर्णय करवत लागण्याआधी झाला.

तुकडे आपोआप मांडून देणारी ओपनकटलिस्ट नावाची जोडणी (एक्स्टेंशन) आहे, मात्र ती ब्राउझरच्या फुकट आवृत्तीत चालत नाही. पहिल्या दोन-तीन कामांना हातानेच मांडा.

मिस्त्रीच्या हातात काय द्यायचं

रंगीत थ्रीडी चित्र व्हॉट्सॲपवर पाठवलंत तर ‘छान आहे’ एवढंच उत्तर येईल. पॅरलल प्रोजेक्शन (लांबचं लहान न दाखवणारं सपाट दृश्य) निवडा, समोरून आणि बाजूने अशी दोन दृश्यं घ्या, डायमेन्शनने मापं टाका आणि छापा. सोबत फळ्यांची यादी: नाव, लांबी, रुंदी, नग. लांबीच्या दिशेने रेघा जाणार की आडव्या, हेही लिहा, नाहीतर लॅमिनेटची नक्षी एका फळीवर उभी आणि दुसरीवर आडवी येते.

बरेच मिस्त्री अजून फूट, इंच आणि सुतात बोलतात. इंचात आठ सूत, म्हणजे सूत जेमतेम ३ मिमीपेक्षा जास्त. ‘पाऊण इंची’ म्हणजे हिशोबाने १९ मिमी, पण बोलताना १८ ची प्लायही पाऊण इंचीच असते. म्हणून कागदावर मिलिमीटर ठेवा आणि कापण्याआधी एक माप दोघांनी मिळून टेपवर बघा. लॅमिनेट आधी चिकटवणार की कापल्यावर, हेही तेव्हाच विचारून घ्या. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला जाताना यादीच्या दोन प्रती न्या. प्लायवाला मापात कापून देत असेल तर एक त्याच्याकडेच राहते.

पुढच्या कामाला ड्रॉवर घ्या. टेलिस्कोपिक चॅनेल (ज्यावर ड्रॉवर सरकतो ती पट्टी) प्रत्येक बाजूला साधारण १२.५ ते १३ मिमी जागा घेतो, म्हणजे खोका आतल्या रुंदीपेक्षा २६ मिमीने कमी काढायचा. चॅनेल आधी विकत आणा, मोजा, मगच फाइल उघडा.