मृत्युपत्र करण्याआधी उतारे काढा

मृत्युपत्र करायचे मनात आले की बहुतेक जण थेट वकिलाचे किंवा दस्तलेखकाचे कार्यालय गाठतात. माझ्या मते ती दुसरी पायरी आहे. आपल्या नावावर नेमके काय आहे, ते कोठून आले आणि त्यातले किती आपण एकट्याच्या मर्जीने देऊ शकतो, हे आधी कागदावरून पाहिले पाहिजे; कारण जे आपले नाही ते कितीही सुंदर भाषेत लिहून दिले तरी घेणाऱ्याच्या पदरात पडत नाही.

त्यासाठी प्रत्येक गटाचा सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढावेत. गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि शहरात सिटी सर्व्हे झालेला असल्यास मिळकत पत्रिका घ्यावी. आपल्याकडे खानदेशात जुनी खरेदीखते वाचताना एक गोंधळ हमखास होतो. कागदावर जिल्हा म्हणून ‘पूर्व खानदेश’ (आजचा जळगाव) किंवा ‘पश्चिम खानदेश’ (आजचे धुळे व नंदुरबार) असते, आणि नंदुरबार १९९८ मध्ये वेगळा जिल्हा झाल्यामुळे त्याआधीच्या दस्तांत तेथील गावे धुळे जिल्ह्यात दाखवलेली असतात. मृत्युपत्रात आजचा गट क्रमांक, तालुका व जिल्हा लिहून त्याच्याच शेजारी जुना सर्व्हे नंबर नोंदवावा, म्हणजे मिळकत तीच आहे का, हा वाद निघत नाही.

सातबाऱ्यावर एकट्याचे नाव आहे म्हणून सगळी जमीन एकट्याची, हा समज सोडून द्यावा. ती नोंद महसुलासाठी असते. तेवढ्याने मालकी ठरत नाही. स्वकष्टार्जित मिळकत हिंदू व्यक्तीला हव्या त्या माणसाला देता येते. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मात्र हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम ३० प्रमाणे फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि त्यासाठी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणून ‘बहिणींची सही नंतर घेऊ’ या भरवशावर लिहिलेले मृत्युपत्र मुळातच कच्चे असते. मुस्लिम कुटुंबांत नियम निराळा आहे: देणी व अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरलेल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापलीकडे, किंवा वारसांपैकीच एखाद्याला, मृत्युपत्राने द्यायचे तर सर्वसाधारणपणे इतर वारसांची संमती लागते. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा सर्वसाधारणपणे लागू नाही आणि आदिवासी जमिनीच्या हस्तांतरणावर महसूल संहितेचे निर्बंध आहेत. त्यामुळे अक्कलकुवा, धडगाव किंवा यावल-चोपड्याच्या सातपुडा पट्ट्यातील भिल्ल, पावरा, तडवी कुटुंबांनी तयार नमुना भरून सही करू नये. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर करता येत नाही अशी जमीन) असे दिसले, तर कोणत्याही समाजाच्या माणसाने पुढे लिहिण्याआधी थांबून सल्ला घ्यावा.

आता पाण्याकडे येऊ, कारण माझ्या समजुतीप्रमाणे खानदेशातील मृत्युपत्रात सर्वांत मोठी चूक येथेच होते. ‘गट अमुकपैकी उत्तरेकडील दोन एकर थोरल्यास, दक्षिणेकडील दोन एकर धाकट्यास’ असे लिहून बाप मोकळा होतो. क्षेत्र समान, न्याय झाला असे त्याला वाटते. पण विहीर उत्तरेच्या तुकड्यात असेल आणि दोन्हीकडे केळी उभी असेल, तर धाकट्याला प्रत्यक्षात कोरडवाहू जमीन मिळालेली असते. म्हणून विहीर किंवा ट्यूबवेल कोणत्या तुकड्यात आहे, पाण्यात कोणाचा किती हिस्सा आहे, पाळी किती दिवसांची, मोटारीची वीजजोडणी कोणाच्या नावावर राहील, बिल व दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, पाइपलाइन कोणाच्या शेतातून जाते आणि ती काढून टाकण्याचा अधिकार कोणाला नाही, हे सर्व वाक्यावाक्याने लिहावे. विहीर आटली तर नवी बोअर कोठे घ्यायची, हेही लिहिलेले बरे. ट्रॅक्टर जाण्याची वाट, बांधावरची झाडे आणि काळ्या व मुरमाड जमिनीतला फरक यांचाही विचार त्याच बैठकीत करावा. विकास सोसायटीचे पीककर्ज असल्यास जमिनीवरचा बोजा जमिनीबरोबरच जातो, म्हणून तो कोणी फेडायचा हेही नमूद करावे.

लिहिण्याचे औपचारिक नियम त्यामानाने सोपे आहेत. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षीदारांनी सही होताना पाहिलेली असावी किंवा करणाऱ्याने ती आपली असल्याचे त्यांना सांगितलेले असावे, आणि त्यांनी त्याच्यासमोर सही करावी. मुद्रांक कागद लागत नाही, साधा कागद चालतो. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण आणि ज्यांना काहीही मिळणार नाही असे निवडावेत, कारण पुढे न्यायालयात त्यांच्यापैकी किमान एकाला उभे राहावे लागू शकते. वय झाले असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. आपल्याकडे घरात अहिराणी आणि दस्तात कचेरीची मराठी, अशी स्थिती असते. आजीने ‘आंडोर’ (मुलगा), ‘आंडेर’ (मुलगी) म्हणून सांगितलेली माणसे कागदावर पूर्ण नावानिशी आली पाहिजेत, आणि मजकूर तिला अहिराणीत वाचून व समजावून दिला, असे वाक्य शेवटी असले पाहिजे. अंगठा असेल तर हे वाक्य टाळूच नये.

नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे ती करून घ्यावी, असेच मी सुचवीन. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर अधिकाऱ्यास घरी बोलावण्याची तरतूद आहे. मात्र नोंदणीकृत मृत्युपत्रही नंतरच्या, नोंदणी न केलेल्या वैध मृत्युपत्राने रद्द होऊ शकते.

बँकेतील ठेवींच्या नामनिर्देशनाचा वेगळा उल्लेख हवा. ज्याचे नाव लावले तो रक्कम स्वीकारतो, एवढ्याने तो मालक ठरत नाही. म्हणून नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांत एकच नाव ठेवणे शहाणपणाचे. आयुर्विम्यात पती-पत्नी, आई-वडील व मुले यांच्याबाबत २०१५ पासून स्थिती निराळी आहे.

मदतीला माणूस निवडताना एकच कसोटी पुरे: तो आधी कागद मागतो की आधी फी सांगतो? सातबारा, फेरफार आणि वंशावळ न पाहता संध्याकाळपर्यंत तयार करून देतो म्हणणाऱ्याकडून उठून यावे. दस्तलेखक साध्या, स्वकष्टार्जित मिळकतीसाठी पुरेसा असतो. वडिलोपार्जित जमीन, दुसरे लग्न, दत्तक मूल किंवा वर्ग २ ची जमीन असेल तर दिवाणी काम करणारा वकीलच हवा. तो एखाद्या मुलाने ठरवलेला नसावा, आणि चर्चेच्या वेळी लाभ मिळणारी मुले खोलीबाहेर असावीत. जळगाव, धुळे व नंदुरबार येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळू शकतो. हे माहीत नसल्याने अनेक विधवा उगाच पैसे खर्च करतात.

‘मृत्युपत्र कशाला, आत्ताच नावावर करून टाका’ असा सल्ला शेजारपाजारचे देतील. बक्षीसपत्र सहसा परत घेता येत नाही. करायचेच असेल तर सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहावी, कारण ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ चा आधार त्या अटीवर घेता येतो.

मूळ प्रत लाभ मिळणाऱ्याच्या कपाटात ठेवू नये. ती मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी व्यवस्थापक म्हणून नेमलेल्या व्यक्तीकडे किंवा मोहोरबंद लखोट्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते, आणि ती कोठे आहे हे निदान दोघांना तरी सांगून ठेवावे.