मायोर्काच्या घाटांत सायकल चालवायची तर: शांत रस्ते कसे निवडावेत

भूमध्य समुद्रातलं मायोर्का हे स्पॅनिश बेट वसंतात सायकलस्वारांनी गजबजतं आणि उन्हाळ्यात भाड्याच्या मोटारींनी. तरीही बेटाच्या वायव्य कडेने जाणाऱ्या त्रामुंताना डोंगररांगेत असे रस्ते आहेत की मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटांखेरीज बराच वेळ काही कानावर पडत नाही. ते नकाशावर नुसते शोधून सापडत नाहीत. महिना, वार, घड्याळ आणि रस्ता ही चारही गणितं जमली तरच शांतता मिळते.

१. आधी महिना ठरवा

जुलै-ऑगस्ट सोडून द्या. ऊन तिशीच्या वर जातं आणि अरुंद रस्त्यांवर बसगाड्यांची रांग लागते. मार्च-एप्रिलची हवा झकास असते, पण अर्ध्या युरोपातले सायकल क्लब तेव्हाच उतरतात. एप्रिलच्या अखेरीस ‘मायोर्का ३१२’ नावाची ३१२ किलोमीटरची मोठी राइड होते. त्या आठवड्यात सायकली आणि खोल्या दोन्ही मिळणं कठीण.

माझं मत विचाराल तर फेब्रुवारीची अखेर किंवा ऑक्टोबरचा उत्तरार्ध. फेब्रुवारीत बदाम फुललेले असतात, मात्र माथ्यावर थंडी बोचते. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि वाऱ्याचं जाकीट हवंच. ऑक्टोबरमध्ये समुद्र अजून कोमट असतो, पण एखादी जोराची सर आडवी येऊ शकते.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) व्हिसा लागतो. लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांनाही तो लागतो, जर्मनीत रहिवासी परवान्यावर असणाऱ्यांना नाही. प्रवास विमा घेताना सायकलिंग त्यात धरलंय का, ते बारीक अक्षरांत वाचून घ्या.

२. सायकल तिथेच भाड्याने घ्या, पण माप घेऊन जा

विमानातून सायकल नेण्याची उस्तवार आठवड्याभरासाठी परवडत नाही. बेटावर चांगल्या रोड बाइक सहज मिळतात. घरच्या सायकलची सीटची उंची (पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत) आणि सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचं अंतर मोजून फोनमध्ये ठेवा. पेडल आणि बूट स्वतःचे न्या. गिअर सोपे मागा: पुढच्या लहान चक्रीला ३४ दात, मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीला निदान ३२. यात लाज कसली? सात टक्क्यांच्या (शंभर मीटरला सात मीटर) चढावर तासभर बसल्यावर ३२ सुद्धा कमीच वाटतात.

सायकल ताब्यात घेतल्यावर पहिली तपासणी ब्रेकची. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, स्पेनमध्ये तो डाव्या हाताला. उतारावर दचकून सवयीचा हात जोरात दाबला गेला तर नको ते चाक अडकतं. दुकानदाराला सांगितलं तर बरेचजण अदलाबदल करून देतात. नाही दिली, तर सपाट रस्त्यावर दहा-वीस वेळा थांबून-सुटून हाताला नवी सवय लावा.

३. पहिला दिवस सपाटीवर काढा

वाहतूक उजवीकडून. गंमत अशी की गजबजलेल्या रस्त्यावर चूक होत नाही, कारण पुढची गाडी आपोआप बाजू दाखवते. धोका रिकाम्या रस्त्यावर. कॉफी पिऊन उठलात, गल्ली मोकळी, आणि पाय मारताच सायकल सुखाने डावीकडे निघते. शांत रस्ते निवडणाऱ्याला हे फार सांभाळावं लागतं. उपाय साधा आहे: हँडलच्या उजव्या बाजूला रंगीत चिकटपट्टी लावा आणि थांबल्यावर प्रत्येक वेळी तिच्याकडे बघूनच निघा.

या दिवसासाठी सेल्वा, काम्पानेत, सिनेउ या गावांमधल्या दगडी कुंपणांच्या वाटा उत्तम. गावाबाहेर हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे. ओव्हरटेक करताना मोटारीने सायकलपासून किमान दीड मीटर अंतर ठेवावं असा तिथला नियम आहे. हॉर्न न वाजवता मागे थांबलेली मोटार बघून सुरुवातीला आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं.

४. दुसऱ्या दिवशी ओरिएन्त

मुक्काम किनाऱ्यावर करण्यापेक्षा आलारो किंवा बुन्योला अशा पायथ्याच्या गावात करा. आलारोहून ओरिएन्तकडे जाणारा रस्ता कड्यांच्या खालून, ऑलिव्हच्या बागांमधून हळूहळू वर सरकतो. ओरिएन्त म्हणजे मूठभर दगडी घरं. तिथून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवरची ओनोरची खिंड, आणि मग झाडीतून बुन्योलापर्यंत उतार. छाती फुटेल असा चढ कुठेच नाही. हा रस्ता मोठ्या पर्यटनस्थळाकडे जात नाही, म्हणूनच शांत आहे.

५. बोगदा दिसला की जुना घाट शोधा

ही युक्ती कुठल्याही डोंगराळ मुलखात चालते. बेटाची राजधानी पाल्मा आणि डोंगरापलीकडचं सोयेर गाव यांच्यामध्ये १९९७ साली बोगदा झाला. सायकलींना त्यात बंदी आहे, आणि मोटारींना घाट चढायचं कारण उरलं नाही. आधी टोल चुकवायला काही गाड्या वरून जायच्या. २०१७च्या अखेरीस टोलही गेला. परिणामी, वळणांवर वळणं घेत सोयेरच्या खिंडीवर जाणारा जुना रस्ता आता बहुतांशी सायकलवाल्यांचाच आहे. चढ बेताचा आहे, डांबर चांगलं आहे. एक लय पकडायची आणि वळणं मोजणं सोडून द्यायचं.

उतरल्यावर सोयेरच्या चौकात संत्र्याचा ताजा रस घ्या. शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं: एन्साइमादा नावाची गोल, साखर भुरभुरलेली पाव-मिठाई डुकराच्या चरबीत बनते. त्याऐवजी टोमॅटो-तेल चोळलेला पाव चीजसह मागा, नाहीतर बदामाचा केक.

६. सा कालोब्रा: सकाळी, आणि तेही मधल्या वारी

बेटावरचा सगळ्यात नावाजलेला रस्ता हाच, त्यामुळे शांतता मिळवायची तर इथे घड्याळाशीच भांडावं लागतं. आंतोनियो पारिएत्ती या अभियंत्याने तो आखला आणि १९३२ मध्ये तो बांधून झाला. जवळजवळ साडेनऊ किलोमीटर, सरासरी सात टक्के चढ, २६ तीव्र वळणं. माथ्याजवळ रस्ता २७० अंशांत फिरून स्वतःच्याच खालून जातो. खाली समुद्र आहे आणि बाहेर पडायला दुसरा रस्ता नाही. म्हणजे आधी उतरायचं आणि मग तेवढंच चढून यायचं.

पर्यटकांच्या बस उशिरा सकाळी उतरू लागतात. अरुंद वळणावर बस समोर आली की दोघांनाही थांबावं लागतं. म्हणून सकाळी आठ-साडेआठला माथ्यावर असलात तर चढून येईपर्यंत गर्दीची सुरुवात झालेली असेल, तुम्ही मोकळे. शनिवार-रविवार टाळा, कारण एमए-१० या डोंगरातल्या मुख्य रस्त्यावर तेव्हा मोटारसायकलींचा गोंगाट असतो.

उतरताना:

- वळणात शिरण्यापूर्वी वेग कमी करा. वळणात ब्रेक नको.
- बाहेरच्या बाजूचा पाय खाली, त्यावर भार. नजर चाकापुढे नव्हे, वळण जिथे सुटतं तिथे.
- ब्रेक सतत घासत ठेवू नका. जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा.
- रस्ता रिकामा दिसला तरी डाव्या वळणावर आतून कापू नका. पुढच्या कड्याआड काय आहे ते दिसत नाही. बऱ्याचदा रस्त्याच्या मधोमध शेळी उभी असते.

चढताना पहिले दोन किलोमीटर मुद्दाम हळू घ्या. सिंहगडाच्या गाडीरस्त्यावर सराव केलेल्या पुणेकराला ही जातकुळी ओळखीची वाटेल. नियमित चालवणाऱ्याने तासाचा हिशेब धरावा. दोन बाटल्या भरूनच निघा, कारण खाली खाण्यापिण्याची सोय असली तरी मधल्या चढावर काही नाही.

७. पाय उरले असतील तर पुच माजोर

सोयेरहून वर जाणारा हा १४ किलोमीटरचा लांब चढ आहे, साधारण सहा टक्के. माथ्यावर बोगदा आहे. इथे सायकली चालतात, पण पुढचा-मागचा दिवा लावूनच शिरा. पलीकडे कुबेर आणि गोर्ग ब्लाउ ही धरणाची तळी, पुढे ल्युकचा मठ, आणि तिथून काइमारीकडे सुरेख उतार.

वाऱ्याचा अंदाज आदल्या रात्री बघा. उत्तरेचा वारा जोरात असेल तर हा दिवस पुढे ढकला आणि पुन्हा ओरिएन्तच्या आडोशाला जा. बेटाच्या उत्तरेचं फोर्मेन्तोरचं टोक तर अशा दिवशी अजिबात नको, तिथे कड्यावर वारा सायकल बाजूला ढकलतो. अडचण आली तर ११२. थांबलात तिथला किलोमीटरचा दगड बघून ठेवा, त्यावर रस्त्याचा क्रमांक असतो आणि फोनवर तेवढं सांगितलं तरी मदतीला तुमचा पत्ता लागतो.