झिंग्यांना जवसाचा लेप

रविवारी नागपूरच्या ‘मंगळवारी’ नावाच्या बाजारातून झिंगे आणायचे आणि सोमवारी ह्यांचा उपास. मग अर्धे झिंगे मंगळवारपर्यंत फ्रिजात राहतातच, आणि तोवर पायांच्या मुळाशी, शेपटीकडे काळे डाग पडतात. हे सडणं नव्हे. झिंग्याच्याच अंगातलं एक एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने हा काळा रंग तयार करतं. व्यापारी ते रोखायला सल्फाइट नावाचं रसायन वापरतात. मी जवस आणि डाळिंबाची साल वापरते.

मच्छीवाली मावशी विचारते, “ताई, डोकं काढू का?” हो म्हणा. पचनाचा मुख्य कारभार डोक्यात असतो, त्याच रसांनी मांस मऊ पडतं. कवच मात्र राहू द्या. आणि मे महिन्यात बर्फाचा डबा घेऊनच निघा. 45 अंशांत तापलेल्या डिक्कीतून आलेल्या झिंग्यांना कुठलाच लेप वाचवत नाही.

लेप आदल्या रात्रीच करून ठेवायचा. दोन मोठे चमचे जवस तीन कप पाण्यात मंद आचेवर दहाएक मिनिटं उकळा. चमचा उचलला की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली पाहिजे. गरम असतानाच गाळा, गार झालं की गाळणीतून उतरता उतरत नाही. वाळलेल्या डाळिंबसालीचा लहानसा तुकडा कपभर पाण्यात उकळून तो काढा यात मिसळा. सालीतली टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्यं, एन्झाइमला अडवतात, जवसाचा चिकट थर हवा कमी लागू देतो. साल जास्त झाली तर झिंगे पिवळट, तुरट होतात. लिंबू नकोच, मांस पांढरं आणि वातड होतं.

लेप फ्रिजात थंडगार झाला की धुतलेले झिंगे त्यात पाच मिनिटं बुडवा, चाळणीत निथळा. तीच चाळणी बर्फाच्या भांड्यावर ठेवून, झाकून, फ्रिजच्या आत मागच्या बाजूला सरकवा. दाराजवळ नाही. 0 ते 4 अंश हवेत. लाईट गेली तर फ्रिज उघडूच नका. एरवी वितळलेलं पाणी ओतून नवा बर्फ घाला. उरलेला लेप फेकायचा.

लेपाने काळेपणा लांबणीवर पडतो, जंतू मरत नाहीत. म्हणून दोन दिवसांवर मी ठेवत नाही. जास्त दिवस हवेत तर पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका.

रांधण्याआधी नळाखाली धुवा, मगच वास घ्या. जवसामुळे हाताला बुळबुळीत लागणारच, त्यावरून काही ठरवू नका. अमोनियासारखा वास आला तर सरळ टाकून द्या. झणझणीत सावजी मसाल्यात वास झाकला जातो, पोटदुखी नाही.