ऑक्टोबरात समुद्र उघडण्याआधी

स्कूबा डायव्हिंगच्या, म्हणजे सिलिंडरमधली हवा घेत पाण्याखाली उतरण्याच्या, गटात यायचं म्हणणारे बहुतेक जण दिवाळीच्या सुमारास विचारतात, "कधीपासून येऊ?" हा प्रश्न जूनमध्ये विचारायला हवा. गोव्यातला मोसम साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून मेपर्यंत असतो. पावसाळ्यात पाणी गढूळ, लाटा मोठ्या आणि बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. नवख्यानं जे जमवायचं ते याच महिन्यांत, घरी आणि तलावात जमवावं. मोसम सुरू झाला की शिकवणाऱ्यालाही फुरसत नसते.

सुरुवात पोहण्यापासून. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या ओपन वॉटर या पहिल्या कोर्सला न थांबता २०० मीटर पोहावं लागतं, कुठल्याही पद्धतीनं आणि वेळेचं बंधन न ठेवता. किंवा मास्क, फिन्स (पायातली वल्ही) आणि स्नॉर्केल (तोंडानं श्वास घ्यायची नळी) लावून ३०० मीटर. शिवाय १० मिनिटं कशाचाही आधार न घेता पाण्यावर राहावं लागतं. लोक २०० मीटरची धास्ती घेतात, पण माझ्या लेखी त्या १० मिनिटांचं मोल जास्त आहे. बोट थोडी लांब आहे, लाट तोंडावर येतेय, अशा वेळी जो शांतपणे तरंगू शकतो तोच पुढे पाण्याखालीही शांत राहतो. डिचोली-सत्तरीकडची कितीतरी मुलं विहिरीत नि नदीत पोहायला शिकलेली असतात. त्यांच्या अंगात दम भरपूर, पण मान सतत पाण्याबाहेर. त्यांनी कांपालच्या किंवा घराजवळच्या तलावात स्नॉर्केल लावून तोंड पाण्यात ठेवायची आणि तोंडानंच श्वास घ्यायची सवय करावी. नाकात पाणी गेलं तरी श्वासाची लय न मोडणं, एवढं एक साधलं तरी अर्धा कोर्स सोपा होतो.

मग येतो वैद्यकीय फॉर्म. तो पुढ्यात आला की घरी न्या आणि सावकाश भरा. दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, रक्तदाबाच्या गोळ्या, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन, सायनस, गरोदरपण हे सगळं त्यात विचारलेलं असतं. ज्या उत्तरानंतर फॉर्मच डॉक्टरांकडे जायला सांगतो, तिथे त्यांची सही आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. "लहानपणी दमा होता, आता काही नाही" म्हणून तिथे 'नाही'वर खूण करणारे भेटतात. कृपा करून तसं करू नका. पाण्याखाली फुप्फुसात कुठे हवा अडकली आणि तुम्ही वर आलात, तर ती हवा फुगते. १० मीटरवर दाब जमिनीच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथली छातीभर हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. पहिल्या दिवशी शिकवला जाणारा पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही, तो याच कारणानं आहे. डॉक्टर 'नको' म्हणाले तर वाईट वाटेल, पण स्नॉर्केलिंग करता येईल का ते त्याच वेळी विचारून घ्या.

कानांसाठी पावसाळ्यातच एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन या. मळ साठलाय का, पडदा धड आहे का, एवढं पाहून घ्यावं. कान मोकळे करायचा सराव घरी बसून होतो: नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि अगदी हलकेच नाकातून फुंकायचं. जोर लावायचा नाही. दाबाचा सगळ्यात मोठा फरक वरच्या काही मीटरांतच पडतो, त्यामुळे खाली जाताना कान दुखायची वाट न पाहता आधीपासूनच, दर थोड्या अंतरावर हे करायचं. दुखलंच तर थोडं वर यायचं. सर्दी असेल त्या दिवशी डाइव्ह रद्द. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरू नये, कारण पाण्याखाली असताना तिचा असर ओसरला तर वर येताना हवा अडकते.

गट निवडताना पैशांचा प्रश्न शेवटी ठेवा. आधी हे पाहा की तिथे फक्त पर्यटकांची फेरी होते की खरोखर शिकवतात. पर्यटकांच्या फेरीत प्रशिक्षक तुम्हाला धरून फिरवतो, सगळी यंत्रं तोच सांभाळतो. अनुभव म्हणून ते छान, पण त्यातून डायव्हर तयार होत नाही. कोर्समध्ये थिअरी असते, तलावातला किंवा उथळ पाण्यातला सराव असतो आणि समुद्रात चार डाइव्ह असतात. त्यानंतर बडीसोबत, म्हणजे जोडीदार डायव्हरसोबत, १८ मीटरपर्यंत जायची परवानगी मिळते. प्रशिक्षकाचा सभासद क्रमांक मागा आणि तो पॅडीसारख्या त्याच्या संस्थेकडे पडताळून घ्या, यात कुणाचा अपमान नाही. एका प्रशिक्षकामागे किती शिकाऊ असतात? पॅडीचे नियम समुद्रात आठजणांपर्यंत मुभा देतात, पण आपल्याकडे पाणी इतकं धूसर असतं की माझ्या मते चार पुष्कळ झाले. बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का, निघताना आणि परतताना डोकी कोण मोजतं, हेही विचारा. "वारा वाढला तर काय करता?" याला "परत येतो" असं सरळ उत्तर देणारा गट मला सगळ्यात भरवशाचा वाटतो.

धूसर पाण्याविषयी थोडं. मांडवी आणि झुआरी गाळ आणून ओततात, त्यामुळे वास्को-बोगमाळोसमोरच्या ग्रँड बेटाभोवती कधी कधी चार-पाच मीटरपलीकडचं दिसत नाही. अंदमानचे फोटो मनात धरून आलेला माणूस हिरमुसतो. पण नवख्याला हेच पाणी चांगलं घडवतं: बडीपासून दूर जायचं नाही हे इथे आपोआप अंगवळणी पडतं, आणि तांबोशीचा थवा हाताच्या अंतरावर अचानक उमटतो तेव्हा ऊर भरून येतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना सुंची रीफवर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष सापडले, तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, ते याच गोव्याच्या पाण्यात.

सामानात आत्ता फक्त मास्क विकत घ्या. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा, नाकानं श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तो तुमचा. मिशी असेल तर तिची नाकाखालची कड थोडी कापा, नाहीतर तिथून पाणी शिरतं. चष्मा असणाऱ्यांनी नंबरची काच बसणारा मास्क पाहावा. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र), बीसीडी (तरंगणं सांभाळणारं हवेचं जाकीट), सिलिंडर, वेटसूट गट देतो. ते विकत घ्यायची घाई नको, आपल्याला काय सोसतं हे कळायला एखादा मोसम जावा लागतो. कागदपत्रांत ओळखपत्र आणि फोटो. वय किमान १० पूर्ण हवं आणि अठराच्या आतल्यांना पालकांची सही लागते.

आदल्या रात्री झोप पुरी हवी, दारू अजिबात नको. सकाळी पेज किंवा इडली असं हलकं काहीतरी, पण उपाशीपोटी बोटीवर चढू नका. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या आणि ती आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन पाहा, कारण काहींना तिनं गुंगी येते.

परतीचा प्रवासही तयारीतच धरावा आणि आपल्या लोकांचं इथेच दुर्लक्ष होतं. डाइव्हनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. त्याआधी उंचावर गेलात तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे दुखण्यापासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेच्या सूचनेप्रमाणे एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर निदान १८ तास विमानात बसू नये. हे दाबोळी-मोपाच्या प्रवाशांना ठाऊक असतं. पण त्या सूचना सुमारे ६०० मीटरपासून वरच्या उंचीसाठी आहेत, आणि गोव्यातून वर जाताना लागणारा आंबोली घाट साधारण ६९० मीटरवर आहे, चोर्ला घाट त्याहून उंच. रविवारी दुपारी दोन डाइव्ह करून संध्याकाळी गाडीनं बेळगाव किंवा कोल्हापूर गाठायचा बेत असेल तर तो मोडा. डाइव्ह शनिवारी ठेवा, रविवारी सकाळी किनाऱ्यावर राहा आणि घाट दुपारनंतर चढा.

एवढं झालं की गटातली कामं. सामान गोड्या पाण्यानं धुणं, सावलीत वाळत घालणं, सिलिंडर आडवे ठेवणं हे सगळ्यांचं काम आहे आणि नव्यांनी ते पहिल्या दिवसापासून करावं. हात लावल्यानं यंत्र कळतं. पाण्याखाली मात्र कशालाही हात लावू नये. प्रवाळ वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, आणि खडकावर बसलेला विषारी काट्यांचा विंचूमासा खडकासारखाच दिसतो. निघण्यापूर्वी घरी एका कागदावर बोट कुठून सुटणार, कधी परतणार आणि गटातल्या दोघांचे फोन नंबर लिहून ठेवा.