लेझर सुरक्षा चष्म्यावरील खुणा वाचताना या चुका टाळा

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमधील फायबर लेझर मार्किंग मशीन, दागिन्यांवर हॉलमार्कचा सहा अंक-अक्षरांचा क्रमांक कोरणारे यंत्र आणि त्वचारोगतज्ज्ञांकडील गोंदण काढण्याचे उपकरण या तिन्ही ठिकाणी एक रंगीत काचेचा चष्मा हाताशी ठेवलेला असतो आणि तो ‘लेझरचा चष्मा’ एवढ्याच ओळखीवर वापरला जातो. सर्व लेझरना चालेल असा चष्मा मात्र अस्तित्वात नाही. कोणता चष्मा कोणत्या यंत्रासाठी आहे हे त्याच्या काचेवर किंवा चौकटीवर बारीक अक्षरांत कोरलेले असते. ही अक्षरे रोमन लिपीत असतात. येथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

रंगावरून निवड करणे

काचेचा रंग पाहून चष्मा उचलणे ही सर्वांत सर्रास आढळणारी चूक होय. काचेतून दृश्य प्रकाशाचा कोणता भाग आरपार येतो, एवढेच तिचा रंग सांगतो. फायबर लेझरची तरंगलांबी साधारण १०६४ नॅनोमीटर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यातील असते, त्यामुळे रंगावरून तिच्याविषयी काहीही कळत नाही. निळ्या डायोड लेझरसाठी, म्हणजे ४५० नॅनोमीटरच्या आसपास, उत्तम काम करणारी नारिंगी काच १०६४ नॅनोमीटरचा झोत जवळजवळ जसाच्या तसा आत सोडू शकते. धोका असा की ४०० ते १४०० नॅनोमीटर या पट्ट्यातील किरण डोळ्याचे भिंग थेट दृष्टिपटलावर एकवटते, आणि अवरक्त किरण दिसतच नसल्यामुळे पापणी मिटण्याची प्रतिक्रियाही होत नाही.

म्हणून प्रथम यंत्रावरील पट्टी किंवा माहितीपुस्तिका वाचून तरंगलांबी लिहून घ्यावी आणि तोच आकडा चष्म्यावर दिलेल्या मर्यादेत येतो का, हे पाहावे. गोंदण काढण्याची अनेक उपकरणे १०६४ आणि ५३२ अशा दोन तरंगलांबींवर चालतात. त्यांच्यासाठी दोन्ही आकडे स्वतंत्रपणे तपासावे लागतात. हिरव्या ५३२ नॅनोमीटरच्या स्वस्त लेझरमध्ये आतील अवरक्त फिल्टर नसेल, तर ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचे किरणही हिरव्या झोताबरोबर बाहेर पडतात, हेही ध्यानात असू द्यावे.

ओडीचा आकडा पाहून थांबणे

ओडी, अर्थात ऑप्टिकल डेन्सिटी, ही दहाच्या घातांची मोजपट्टी आहे. ओडी ३ म्हणजे हजारावा भाग आत येतो, ओडी ६ म्हणजे दहा लाखांवा. त्यामुळे ओडी ६ हे ओडी ३ च्या दुप्पट नसून हजारपट संरक्षण आहे. शिवाय हा आकडा विशिष्ट तरंगलांबीपुरताच खरा असतो. तरंगलांबी न देता नुसते ‘ओडी ६+’ छापलेले असेल, तर ती खूण निरुपयोगी समजावी.

ओडीमधून एक महत्त्वाची गोष्ट मात्र कळत नाही, ती म्हणजे झोत थेट काचेवर पडल्यास काच किती वेळ टिकेल. अमेरिकेतील झेड १३६ मानकमालिकेत चष्म्यावर मुख्यतः ओडी आणि तरंगलांबी नोंदवतात. युरोपच्या ईएन २०७ या मानकात त्यापुढे जाऊन काच आणि चौकट या दोहोंनी थेट झोत किमान ५ सेकंद, किंवा स्पंदित लेझरचे किमान ५० पल्स, सहन करावेत अशी अट आहे. या परीक्षेत उतरल्यावर मिळणारी श्रेणी ‘एलबी’ या अक्षरांनी लिहितात. एलबी६ मिळालेल्या चष्म्याचा ओडी किमान ६ असतोच. पण ओडी ६ असलेला चष्मा एलबी६ असेलच असे नाही, कारण प्लास्टिकची काच किरण चांगले शोषूनही काही क्षणांत वितळू शकते. जास्त शक्तीच्या यंत्रासाठी मला एलबीची खूण अधिक भरवशाची वाटते. तरीही ते पाच सेकंद बाजूला होण्यासाठी आहेत. झोताकडे रोखून पाहण्याची मुभा कोणतीही श्रेणी देत नाही.

एलबीच्या आधीचे अक्षर वगळणे

समजा, चष्म्यावर ‘डी एलबी६ + आयआर एलबी७ १०६४’ असे लिहिले आहे. यातील डी म्हणजे अखंड चालणारा झोत. आय म्हणजे १ मायक्रोसेकंद ते ०.२५ सेकंदाचे पल्स. आर म्हणजे १ नॅनोसेकंद ते १ मायक्रोसेकंदाचे पल्स. आणि एम म्हणजे १ नॅनोसेकंदाहूनही लहान पल्स. ‘आयआर’ येथे अवरक्त (इन्फ्रारेड) या अर्थाने आलेले नसून आय आणि आर या दोन अक्षरांची ती जोडी आहे. या ठिकाणी जाणकारही फसतात.

मार्किंग मशीनच्या पट्टीवर २० वॅट लिहिलेले असते आणि त्यावरून तो अखंड झोत समजला जातो. बहुतेक मार्किंग मशीन प्रत्यक्षात शंभर नॅनोसेकंदांच्या आसपासचे पल्स सोडतात, म्हणजे चष्म्यावर आर हे अक्षर असलेच पाहिजे. केवळ ‘डी’ लिहिलेला चष्मा येथे अपुरा आहे, त्यापुढचा आकडा कितीही मोठा असो. अतिलहान पल्सच्या बाबतीत काही रंगद्रव्ययुक्त काचा क्षणभर पारदर्शक होतात, म्हणून एम वेगळे तपासतात.

पुढच्या आकड्याचा हिशेब झोताच्या व्यासावर अवलंबून असतो. २० वॅटचा अखंड झोत ७ मिलिमीटर व्यासाचा असेल, तर दर चौरस मीटरला सुमारे ५ लाख वॅट पडतात; ३१५ ते १४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात डी एलबी५ ची मर्यादा १० लाख वॅट आहे. तोच झोत २ मिलिमीटरचा असेल, तर आकडा ६० लाखांच्या वर जातो आणि एलबी६ लागते. प्रत्यक्षात व्यासासाठी आणखी गुणक लावतात आणि पल्सचा हिशेब ज्यूलमध्ये वेगळा करतात; म्हणून वरील उत्तर तळाचे मानावे आणि अंतिम निवड यंत्राची पूर्ण माहिती देऊन चष्म्याच्या उत्पादकाकडून लेखी घ्यावी.

आरबीला एलबी समजणे

ईएन २०८ नुसार ‘आरबी’ लिहिलेले चष्मे दृश्य झोताची जुळवणी करण्यासाठी असतात. झोताचा ठिपका दिसावा म्हणून ते थोडा प्रकाश मुद्दाम आत सोडतात. आरबी३ अखंड झोतासाठी १ वॅटपर्यंत आहे. अदृश्य किरणांसाठी ते नाहीत.

भलत्याच खुणांवर विसंबणे

सीई हे युरोपीय नियमांशी अनुरूपतेचे चिन्ह संरक्षणाची पातळी सांगत नाही. एस, एफ, बी ही अक्षरे ईएन १६६ नुसार आघात सहन करण्याची क्षमता दाखवतात. वेल्डिंगच्या काचेचा शेड क्रमांक आणि उन्हाच्या चष्म्यावरील यूव्ही ४०० यांचा लेझरशी संबंध नाही. १०,६०० नॅनोमीटरच्या कार्बन डायऑक्साइड लेझरचे किरण साधे पॉलिकार्बोनेटही बरेचसे शोषते, हे खरे. पण खूण नसलेल्या काचेची जाडी आणि टिकाऊपणा कोणी तपासलेला नसतो.

चष्मा योग्य असूनही अडचण येत असल्यास

काम करताना अंधार वाटत असेल, तर दृश्य प्रकाशाची टक्केवारी पाहावी; ती २० टक्क्यांहून कमी असल्यास दिवे वाढवावेत, चष्मा कपाळावर सरकवू नये. नंबरच्या चष्म्यामुळे बाजूला फट राहत असेल, तर वरून घालायचा मोठा प्रकार घ्यावा, कारण तिरपे परावर्तन त्याच फटीतून येते. काचेवर खोल चरा, जळाल्याचा डाग, तडा किंवा बदललेला रंग दिसल्यास चष्मा बाद करावा. प्लास्टिकची काच ॲसिटोनने पुसू नये. झोत काचेवर मारून चष्म्याची ‘चाचणी’ घेण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो, त्यात काच खराब होते आणि परावर्तनाचा धोका वेगळाच. खुणा पुसट होऊन वाचता येत नसतील, तर त्या आठवणीवरून मार्करने पुन्हा लिहून ठेवू नयेत. तो चष्मा कपाटातूनच काढून टाकावा.