आर्वीच्या पाटावरून थेट फ्रान्सच्या कालव्यावर: बिनगाड्यांची सायकल टूर कशी करायची

आमच्या आर्वीकडं पहाटे सायकल काढली की दोनच रस्ते, एक म्हणजे डांबरी, जिथं कपाशीचे ट्रक कानाला घासून जातात, नाहीतर निम्न वर्धा धरणाच्या पाटाकडंचा मुरमाचा रस्ता, तिथं बकऱ्या, बाभळीचे काटे अन् एखादा ओलित करणारा माणूस, बस. ज्याला हा दुसरा रस्ता आवडतो त्यानं एकदा फ्रान्समध्ये सायकल टूर करावी हे मी तिकडून फिरून आल्यापासून सगळ्या पोट्ट्यांना सांगत फिरतोय, अन् प्रत्येक जण तेच विचारतो की भाऊ कुठून सुरू करायचं, म्हणून एकदाचं सगळं इथं टाइप करून टाकतो.

पहिली गोष्ट, नावाजलेला रूट अन् बिनगाड्यांचा रूट यात फरक आहे. लुआर नदीकाठचा ९०० किलोमीटरचा रूट सगळ्यात फेमस, राजवाडे वगैरे भरपूर, पण त्यातला बराच भाग गावच्या साध्या रस्त्यांवरून जातो, म्हणजे गाड्या कमी असतात पण असतात. तुम्हाला खरंच हॉर्न ऐकायचा नसेल तर नकाशात दोनच गोष्टी शोधा, बंद पडलेली रेल्वेलाइन किंवा कालवा. तिकडं अशा वाटेला व्वा व्हेर्त म्हणतात, म्हणजे हिरवा रस्ता, फक्त पायी चालणारे अन् सायकलवाले. पहिली अशी वाट १९९७ मध्ये बुर्गुंडी भागात झाली, जीव्री ते क्लुनी, ४४ किलोमीटर, जुने रूळ उखडून. रेल्वेला खडा चढ जमत नाही म्हणून तिथं आपल्यालाही लागत नाही, सोपं गणित. (आपली पुलगाव-आर्वी शकुंतला रेल्वे बंद पडली तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चालू आहे, पण ते जाऊ द्या, तो विषय काढला की घरी जेवण थंड होतं.)

पहिल्या टूरला माझं मत विचाराल तर बोर्दो ते सेत, अटलांटिकच्या बाजूनं निघून भूमध्य समुद्रापर्यंत, साधारण ५०० किलोमीटर. बोर्दोच्या बाहेर पडलं की रोजे लापेबी नावाची वाट लागते, हा १९३७ ची टूर द फ्रान्स जिंकलेला गडी, त्याच्या नावानं जुन्या रेल्वेलाइनवर डांबर टाकलंय, क्रेओंवरून सोव्हतेरपर्यंत द्राक्षाच्या वावरांमधून जाते. तिथून थोडे गावरस्ते, म्हणजे पूर्ण रूटमधला गाड्यांचा मेन तुकडा हाच, अन् तिथं उजव्या बाजूनं चालवायचं एवढं डोक्यात ठेवा, मी पहिल्याच वळणावर सवयीनं डावीकडं घुसलो होतो. मग गारोनचा कालवा लागतो, अन् तिथून तुलूजपर्यंत डोळे मिटून चालवा असा रस्ता, कालवा १९३ किलोमीटर, काठानं गुळगुळीत डांबर, दोन्हीकडं झाडं.

या कालव्यावर घाई करू नका. लॉक, म्हणजे बोट वरखाली न्यायला कालव्यात बांधलेला दोन दारांचा हौद, दिसलं की उतरा, सायकल झाडाला टेकवा. बोट येते, बोटवाला जाताजाता इशारा देतो, मग दिवा बदलतो अन् दार आपोआप उघडतं, बोट आत शिरते, पाणी भरत जातं अन् बोट हळूहळू वर येते, शेवटी माणसाचं डोकं आपल्या गुडघ्याजवळ दिसायला लागतं. पाटाचं गेट उघडायला पाटबंधाऱ्याच्या शाखा कार्यालयात चकरा मारलेल्या माणसानं हे बघावंच. आजां गावाला तर अख्खा कालवाच गारोन नदीवरून दगडी पुलावर जातो, ५३९ मीटर, खाली नदी, वर पाणी, त्याच्या कडेनं आपण.

तुलूजनंतर नाव बदलतं, कालवा दु मिदी, अन् रस्त्याचा स्वभावही बदलतो, हे कोणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगतो. पहिले पन्नासेक किलोमीटर डांबर आहे, मग माती, खडी, झाडांच्या मुळ्या, काही ठिकाणी एका चाकाची पायवाट. २८ मिमीचे टायर गारोनवर चालतील पण इथं हाडं खिळखिळी होतात, ४० च्या आसपासचे घ्या, पाऊस पडून गेला असेल तर चिखल काळ्या मातीसारखाच चिकटतो. सावलीचंही तसंच, फोटोत दिसतात ती कालव्याकाठची सुमारे ४२ हजार चिनाराची झाडं, पण २००६ पासून त्यांना बुरशीचा रोग लागला अन् हजारो तोडावी लागली, त्यामुळं मधूनमधून उघडं बोडखं ऊन. आपल्याला उन्हाचं कौतुक नाही, तरी टोपी अन् दोन बाटल्या ठेवा. पाणी संपलं तर कब्रस्तानात जा, दचकू नका, फुलांना पाणी घालायला तिथं नळ असतो, फक्त पिण्याचं नाही अशी पाटी लावलीय का तेवढं बघा.

नोरूझला जरूर थांबा. १८९ मीटर उंची, कालव्याचा सगळ्यात वरचा टप्पा हाच. इथं डोंगरातून आणलेलं पाणी दोन्हीकडं वाटलं जातं, अर्धं अटलांटिककडं, अर्धं भूमध्यकडं. उंचावर कालवा भरायला पाणी आणायचं कुठून हाच खरा पेच होता, तो हा कालवा बांधणाऱ्या पिएर-पॉल रिकेनं सोडवला, १६६६ मध्ये काम सुरू केलं, अन् १६८० मध्ये वारला, कालवा पुढच्या वर्षी पूर्ण झाला. इथून पुढं वारा बऱ्याचदा पाठीमागून असतो, म्हणून तुलूजकडून सेतकडंच जा, उलटं जाल तर कार्कासोनजवळ पेडल मारून मारून जीव जाईल.

दिवसाला ४५ ते ५५ किलोमीटर धरा, जास्त नको. कालव्यावर चढ नसतो म्हणून पाय कधीच थांबत नाहीत, उतारावर आराम हा प्रकारच नाही, तिसऱ्या दिवशी बसायची जागा बोलायला लागते.

खाण्याचं मात्र नीट ऐका. दुपारी बारा ते दोन दुकानं बंद, रविवारी दुपारनंतर तर गाव मेल्यासारखं, सोमवारीही बरंच बंद. मी एका रविवारी संध्याकाळी सकाळचा पाव अन् घरून नेलेली जवसाची चटणी नळाच्या पाण्यासोबत खाल्लीय, चव आठवली की अजून हसू येतं. म्हणून शनिवारीच दीड दिवसाचं सामान घ्या. घरून कोरड्या चटण्या न्या, पण पेढे, तुपाचे लाडू नको, बाहेरून दूधदुभत्याचं आणायला युरोपात बंदी आहे. शाकाहारी असाल तर कास्तेलनोदारी गावचं कासुले नावाचं कालवण बघून भुलू नका, वालासारखं दिसतं पण आत डुक्कर अन् बदक असतं.

राहायला गावच्या नगरपालिकेचे कॅम्पिंग स्वस्त पडतात. अक्केय व्हेलो अशी पाटी दिसली की तिथं सायकलवाल्यांची सोय असते, रूटपासून पाच किलोमीटरच्या आत, सायकल आत ठेवायला मिळते.

सगळ्यात मोठी सोय म्हणजे आजांपासून सेतपर्यंत रेल्वेही कालव्याच्या आसपासच धावते. पाऊस आला, पाय गेले, सरळ जवळच्या स्टेशनवर जाऊन लोकल रेल्वे पकडा, तिला तेर म्हणतात, सायकल बहुतेक वेळा फुकट, फक्त काही भागात सीझनमध्ये जागा बुक करावी लागते. टीजीव्ही या जलद रेल्वेत मात्र आधी बुकिंग नाहीतर सायकल खोलून १३० बाय ९० सेंटीमीटरच्या बॅगेत. फ्रान्सला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला विमा किमान ३० हजार युरोचा लागतो, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, मे-जून किंवा सप्टेंबर धरून कामाला लागा, ऑगस्टमध्ये तिथं सगळ्यांच्या सुट्ट्या.

सराव इथंच करा. कॅरिअरला दोन्हीकडं पाच-पाच किलो तांदूळ बांधा, पाटाच्या रस्त्यानं सलग तीन दिवस चाळीस-चाळीस किलोमीटर काढा, कपाशीची उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी संपली की वेळही असतो. अन् एक गोष्ट शिकून घ्या, भरलेली सायकल उचलून फिरवणं. तिकडं गाडी घुसू नये म्हणून वाटेच्या तोंडाशी लोखंडी पाइप आडवेतिडवे लावलेले असतात, त्यात माझी बॅग पहिल्या दिवशी चारदा अडकली, मागं एक सत्तरीची आजीबाई सायकलवर शांत उभी. शेवटी तीच उतरली, माझं मागचं चाक धरून उचललं, हसली अन् निघून गेली. त्या दिवसापासून मी पाइप दिसला की आधीच उतरतो, बॅग काढतो, सायकल पलीकडं ठेवतो, बॅग परत लावतो, दोन मिनिटं जातात, जाऊ द्या.